जळवांचा उपवास

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावण वद्य चतुर्दशी, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस, मुक्काम देऊळघाट, तालुका व जिल्हा बुलढाणा, स्थळ डॉ. रंगराव सावळे यांच्या गोठ्यापुढचे अंगण. वेळ दिवेलागणीच्या थोडी आधीची. या दिवशी, या ठिकाणी, प्रसेनजित सरकटे हा जळवांचा अभ्यासक आपल्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण हातात धरून उभा होता, आणि त्याच्या अंगात संताप असा भरला होता की अंगणात त्याला कोणी 'बस' म्हटलेले नाही, हेही त्याच्या ध्यानात आले नव्हते.

प्रसेनजितचा संताप आरडाओरड्याचा नव्हता. तो चिडला की त्याचा आवाज खाली येई आणि भाषा शुद्ध होत जाई. वसतिगृहातली मुले एकमेकांना सांगून ठेवत, की सरकटे 'तथापि' म्हणाला की समजून घ्यावे आणि खोलीतून निघावे. आज बुलढाण्याहून देऊळघाटापर्यंतच्या वाटेत, ऑटोमध्ये एकटा बसलेला असताना, तो मनातल्या मनात किती वेळा 'तथापि' म्हणाला, त्याला गणती नाही.

हकीकत अशी होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात रंगराव प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, आणि प्रसेनजित त्यांच्या हाताखालचा संशोधक विद्यार्थी. देऊळघाटच्या शिवारातल्या पाझर तलावात औषधी जळवा विपुल. त्या काय खातात, किती खातात आणि खाल्लेले किती काळ पुरवतात, हा प्रबंधाचा विषय. त्यासाठी प्रसेनजित दर अमावास्येला तलावाच्या घाटावर जाई. अमावास्याच का, तर त्या दिवशी शेतकरी औत धरत नाहीत. बैल घाटाच्या उथळ पाण्यात निवांत उभे राहतात, आणि बैलांच्या पायांपाशी जळवा हमखास सापडतात. प्रसेनजित त्या उचलून प्रयोगशाळेत नेई, वजन करी, त्यांच्या पोटात किती रक्त आहे ते पाही.

जळवांवर त्याचा जीव होता, आणि तो जीव भाबडा नव्हता. दोन बोटांएवढा हा प्राणी. त्याला तीन जबडे, डोळ्यांच्या पाच जोड्या, एकाच देहात नर आणि मादी दोन्ही. चावला तर कळत नाही, कारण चावतानाच तो रक्त गोठू न देणारा रस जखमेत सोडतो. शस्त्रवैद्य जोडलेल्या बोटात तुंबलेले रक्त याच प्राण्याकडून ओढून घेतात. इतकी नेमकी रचना ज्याला मिळाली त्याच्याविषयी ढोबळ बोलणे म्हणजे अपमान, असे प्रसेनजित मानी.

दर महिन्याला घाटावरच्या जळवा भरलेल्या सापडत. काळ्या, जड, तुकतुकीत. अपवाद एकच. श्रावण अमावास्येला त्या रिकाम्या निघत. पिळून टाकलेल्या फडक्यासारख्या, मलूल. पहिल्या वर्षी निघाल्या, तेव्हा त्याला आपल्या हातून काही चूक झाली असे वाटले. दुसऱ्या वर्षी पुन्हा निघाल्या. त्याने प्रकरणात आकडे दिले आणि पुढे प्रामाणिकपणे दोनच शब्द लिहिले: 'कारण अज्ञात.'

हे दोन शब्द रंगरावांना सोसले नाहीत. त्यांनी ते खोडले, आणि त्या जागी सिद्धान्त उभा केला: श्रावण अमावास्येस देऊळघाटच्या जळवा नैसर्गिक उपवास करतात. त्यावर लेख लिहिला. लेखावर बुलढाण्याच्या वैद्य जयमाला काळवाघे यांचे नाव घातले; कारण जयमालाताई गेली पंचवीस वर्षे जळवा लावून रोगी बरे करीत आलेल्या, आणि विद्यापीठाच्या संशोधन समितीवरही होत्या. वर्तमानपत्रांनी 'जळवाही पाळतात अमावास्या' असे मथळे दिले. संस्थेच्या अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. आणि या सर्वावर कळस म्हणजे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देऊळघाटच्या मारुतीच्या सभामंडपात शिबिर ठरले: अमावास्येला उपवासाने शुद्ध झालेल्या जळवा तलावातून काढायच्या आणि थेट रोग्यांच्या अंगाला लावायच्या.

थेट, या शब्दाने प्रसेनजितची झोप उडाली होती. जळवेच्या आतड्यात रक्त पचवायला मदत करणारे जिवाणू वस्तीला असतात. पोट रिकामे झाले म्हणून ते घर सोडून जात नाहीत. माणसाच्या उघड्या जखमेत उतरले तर पाय सुजवतात, पू करतात. म्हणूनच तलावातली जळू आधी महिनोन्‌महिने स्वच्छ पाण्यात पाळावी लागते, आणि एका रोग्याला लावलेली दुसऱ्याला लावता येत नाही. हे रंगरावांना ठाऊक नव्हते असे नाही. ते प्रसेनजितला त्यांनीच शिकवले होते.

आता शेवटचे प्रकरण उपवासाच्या निष्कर्षासह, प्रसेनजितच्या सहीने, रंगरावांना हवे होते. ते मिळाले तर प्रबंधावर मार्गदर्शकाची सही होणार होती. न मिळाले तर तीन वर्षांचे काम पेटीत पडून राहणार होते. पदवी हवी तर खोट्याखाली आपले नाव लिही, आणि नाव राखायचे तर पदवी विसर: इतका साधा व्यवहार होता.

रंगराव बैलाच्या खांद्याशी उभे होते. अंगात बनियन, कमरेला धोतर, एका हातात पितळी वाटी. वाटीत तूप आणि हळद कालवलेली. पळसाच्या पानाने ते ती बैलाच्या मानेवर, जिथे जू बसते तिथे, थापत होते आणि तळहाताने चोळत होते. त्यांचा सालदार पुंजाजी वेसण धरून उभा होता. ही खांदमळणी. वर्षभर जू ओढून निबर झालेला खांदा एका रात्रीपुरता मऊ करायचा, आणि बैलाच्या कानाशी लागून त्याला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," रंगराव बैलाच्या कानात म्हणाले, आणि मग मान न वळवताच, "काऊन बे, प्रकरण आणलं का?"

"आणले आहे, सर. तथापि त्यात उपवास नाही."

रंगरावांचा हात थांबला. महाविद्यालयात ते पुस्तकी बोलत. गोठ्यात त्यांची भाषा बैलांची असे, आणि राग आला की ती दोन्ही एकत्र होत. "हे पाहा, सरकटे. जळवांवर काम करणारे देशात शेकड्यानं सापडतील. उपवास कोणी दाखवला? आपण. देऊळघाटनं."

"आपण रिकामे पोट दाखवले. उपवास आपण म्हटला."

"एकच झालं ते."

"एकच नाही. माणूस सकाळी जेवला नाही तर संध्याकाळी त्याचे पोट रिकामे असते. जळू एकदा पोटभर प्यायली की ते रक्त महिनेच्या महिने साठवून पुरवते. तिचे पोट म्हणजे कोठार आहे. आषाढात भरलेली जळू श्रावणात काही खाणार नाही, हे मी एक वेळ मान्य करीन. पण न खाल्ल्याने ती रिकामी होईल? कणगीच्या खोलीला कुलूप लावले म्हणून कणगीतली ज्वारी संपली, असे कोणी म्हणाला तर तुम्ही त्याला काय म्हणाल, सर?"

पुंजाजीला हसू फुटले. "खरं हाये साहेब. कुलूप लावलं तं ज्वारी वाचंन का सरंन?"

"तू बैल धर बे!" रंगराव ओरडले. बैलाने मान झटकली. पुंजाजी वेसणीसकट दोन पावले फरफटला आणि चेहऱ्यावरचे हसू त्याने मोठ्या कष्टाने गिळले.

"मग गेलं कुठं रक्त?" रंगराव प्रसेनजितच्या समोर येऊन उभे राहिले. "सांग ना. दोन वर्सं झाली, तुले सांगता येऊन नाही राह्यलं. अन् मी सांगितलं तं तुले मिरची लागली."

"मला ठाऊक नाही. म्हणून मी अज्ञात लिहिले."

"अज्ञात! अज्ञातावर कोणी डॉक्टर झालेलं पाह्यलं का तू?"

"खोट्यावर झालेले पाहिले आहेत."

रंगरावांनी वाटी ओट्यावर ठेवली, हात पुढे केला आणि प्रसेनजितच्या हातातले प्रकरण ओढून घेतले. अंगठ्याने एकेक पान उलटत ते शेवटच्या पानावर आले. तिथे ते दोन शब्द पुन्हा उभे होते, जसेच्या तसे.

"तुले नाही समजायचं," ते म्हणाले. आवाज आता चढलेला नव्हता, आणि म्हणूनच बोल अधिक लागला. "तुह्या हाती दोष नाही. तुमच्यात पोळा नसतो. श्रावण अमावास्येला जनावराच्या जातीत काय फरक पडते, ते बैलवाल्याच्या घरीच समजते."

प्रसेनजितच्या कानशिलात रक्त चढले. पण आवाज, नेहमीप्रमाणे, खालीच आला.

"आमच्यात पोळा नसतो, हे बरोबर आहे, सर. माझ्या आजोबांच्या, इंद्रभान सरकट्यांच्या दावणीला जन्मात बैल आला नाही. तथापि पोळा त्यांना तुमच्याइतकाच ठाऊक होता, कारण आमच्या गावात दुसऱ्यांचे बैल तेच धूत असत. सकाळपासून दुपारपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून धूत. बैल सजून तोरणाखाली जात आणि आजोबा घरी येत. त्यांना मिरवणुकीत जागा नसे. आजी सांगायची, की पोळ्याच्या दिवशी त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे..."

तो थांबला.

रंगरावांनी प्रकरण त्याच्यापुढे धरले होते. 'कारण अज्ञात' या शब्दांवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तुपाने ओला, हळदीने पिवळाजर्द. मागच्या पानावर एक. त्याच्या मागच्या पानावर आणखी एक.

जयमालाताईंच्या दवाखान्यात रोज सकाळी हीच हळद लागते. जळू रोग्याच्या पायावरून सुटली की तिच्या तोंडाशी चिमूटभर हळद टाकतात, आणि ती प्यालेले सगळे रक्त भडाभडा ओकून टाकते. प्रसेनजितने ते शेकडो वेळा पाहिले होते. रंगरावांनी त्याच्याही आधी पाहिले होते. दोन वर्षे हे दोघे आणि जयमालाताई जळवांच्या रिकाम्या पोटावर वाद घालीत होते. आणि यांपैकी एक जण दर खांदमळणीला स्वतःच्या हाताने ती हळद बैलाला चोपडून सकाळी तलावात पाठवीत होता.

प्रसेनजितला आनंद झाला असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. त्याला अधिकच राग आला. रंगरावांचा आला आणि त्याहून स्वतःचा आला. पोळ्याच्या दिवशी तो नेहमी दुपार उलटल्यावर घाटावर येई. तेव्हा सगळे गाव तोरणाखाली जमलेले असे, घाटावर चिटपाखरू नसे, आणि काम किती निर्वेधपणे होते म्हणून तो खूश होत असे.

"सर," तो म्हणाला, "उद्या बैल कुठे धुणार?"

"घाटावर. दुसरीकडं कुठं, तुह्या प्रयोगशाळेत?"

"असेच? हे लावलेले?"

"मग? रातभर खांद्यात मुरते, सकाळी धुऊन निघते. गावातल्या साऱ्याच जोड्या. पहिला मान आमच्या जोडीचा. काऊन, तुले धुवायचे आहेत का?"

पुंजाजी पुन्हा हसला. या वेळी त्याला कोणी अडवले नाही. प्रसेनजितने ते हसणे ऐकून घेतले.

"माझी एक सूचना आहे. उपवास खरा ठरला, तर उद्या दुपारी हे प्रकरण तुमच्या शब्दांत, माझ्या सहीने तुमच्या हातात पडेल. अट एकच. आत्ता, उजेड आहे तोवर, घाटावर चला. आपण दोघे मिळून जळवा काढू. सगळ्या भरलेल्या आहेत की नाहीत, ते तुम्ही बोटाने चाचपून पाहा. अर्ध्या एका मडक्यात घालू, अर्ध्या दुसऱ्यात. उद्याच्या जळवांसाठी मी मडकी आणलीच आहेत; त्यांना बारीक भोके पाडलेली आहेत, पाणी आतबाहेर खेळेल. तोंडावर फडके बांधू आणि गाठ तुम्ही मारा. एक मडके घाटाच्या पाण्यात ठेवू. दुसरे समोरच्या काठाला, बाभळींखाली, जिथे एकही जनावर उतरत नाही. उद्याची अमावास्या दोन्ही काठांना सारखीच असणार. जळवा उपवास करीत असतील, तर दोन्ही मडक्यांत करतील."

रंगराव हे ऐकून घेत असताना त्यांच्या बोटांवरून हळदीचे तूप धोतरावर टपकत होते. त्यांनी ते दुसऱ्या हाताने निपटले. त्या हाताकडे त्यांनी पाहिलेसुद्धा. पण ज्याला आपला सिद्धान्त दिसत असतो त्याला आपला हात दिसत नाही.

"चाल," ते म्हणाले. "लिहायला पेन घेऊन ये उद्या."

हात धुऊन ते घाटावर आले. जळवा भरलेल्या होत्या. दोघांनीही एकेक चाचपली. गाठी रंगरावांनी मारल्या, बैलांच्या गोंड्यांसाठी आणलेल्या लाल दोऱ्याने, आणि वर म्हणाले, की अशी गाठ या शिवारात त्यांच्या घराण्याखेरीज कोणाला मारता येत नाही, तेव्हा उद्या सोडवासोडवीचे खेळ करू नयेत. प्रसेनजित 'ठीक' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो बांधावर बसून राहिला. घाटही दिसेल आणि घाटावरच्या सर्वांना तोही दिसेल, अशा जागी. कोणत्याही मडक्याजवळ तो गेला नाही. पहिली जोडी रंगरावांची आली. फेटा बांधलेले रंगराव काठावर उभे, पुंजाजी पाण्यात. मागोमाग गावच्या जोड्या आल्या, आणि बघता बघता घाटाचा तो कोपरा शिंगे, शेपट्या आणि आरडाओरडा यांनी भरून गेला. गवताच्या बोळ्यांनी खांदे घासले जाऊ लागले. पाण्यावर आधी तुपाचा तवंग आला. मग त्याखालून पिवळा रंग पसरू लागला, पायऱ्यांपासून सुरू होऊन, सावकाश, जिथे ते लाल दोऱ्याचे मडके होते तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे. समोरच्या काठाला पाणी होते तसे मातकट आणि स्वस्थ होते.

प्रसेनजित ते पाहत होता. दोन वर्षांचे आकडे, त्यांवरचा लेख, त्या लेखावरची शाल, आणि उद्या सभामंडपात पाय उघडे टाकून बसणारी माणसे; हे सगळे या पिवळ्या पाण्यावर उभे होते.

दुपारी जोड्या गावात परतल्या. मानाची जोडी मात्र रंगरावांनी घाटावरच ठेवून घेतली. जयमालाताई उद्याच्या शिबिरासाठी जळवा निवडायला बुलढाण्याहून यायच्या होत्या, आणि आपली सजलेली जोडी त्यांना दाखवल्याखेरीज रंगरावांना चैन पडले नसते. ताई आल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चालण्यात घाई.

"काय हो रंगरावभाऊ, बैल सजले, तुम्ही सजले. माह्या उपाशी लेकी कुठं आहेत?"

"मडक्यात आहेत, ताई," प्रसेनजित म्हणाला, आणि कालचा करार त्याने त्यांना थोडक्यात सांगितला. हळदीविषयी त्याने अवाक्षर काढले नाही.

पुंजाजीने दोन्ही मडकी आणून पायरीवर ठेवली. रंगरावांनी आपल्या गाठी ओळखल्या आणि आपल्याच हाताने सोडल्या. पहिले मडके घाटाचे. आतल्या पाण्यात काळपट तांबडी साय धरली होती, आणि तिच्याखाली जळवा निपचित पडल्या होत्या. चपट्या, फिकट, गळालेल्या.

"पाहा!" रंगरावांचा आवाज घाटावरून घुमला. "पाहा, ताई! काल याच बोटांनी चाचपल्या होत्या, टम्म होत्या. काढ बे पेन, सरकटे!"

"काढतो. आधी दुसरे उघडा, सर."

दुसरे मडके उघडले. फडके दूर होताच एक जळू काठावर चढली आणि हवेत मान लांबवून शोधू लागली. बाकीच्या आत वळवळत होत्या. काळ्या, जड, तुकतुकीत. पाणी स्वच्छ होते.

रंगरावांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. "बरोबर आहे. पंचांगात अमावास्या आज दुपारी लागते. यांना अजून लागली नसंल."

"मग घाटाच्या मडक्यात ती सकाळीच कशी लागली?"

पुंजाजीने तोंडावर उपरणे धरले.

"पाण्यात काही मिसळलं असंल," रंगराव म्हणाले, आणि म्हणताच त्यांना वाट सापडल्यासारखी झाली. "पुंजाजी, बैल कशानं धुतले बे?"

"औंदा शाम्पू आणला होता ना साहेब, पुड्या. तुम्हीच म्हटलं, मानाची जोडी चमकली पाह्यजे."

"हं! शाम्पू! घ्या. शाम्पूनं झालं असंल हे. एका वर्साच्या शाम्पूवर तू माह्या सिद्धान्ताले..."

"शाम्पू म्हणा, हळद म्हणा," प्रसेनजित म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, "पण सर, आता चंद्र म्हणू नका!"

"हळद?" जयमालाताई म्हणाल्या. "कोणती हळद?"

ताईंनी घाटाकडे पाहिले. पायऱ्यांना लागून अजूनही पिवळसर कड होती. मग त्यांनी बैलाकडे पाहिले. झुलीखाली, जिथे पुंजाजीचा बोळा नीट पोचला नव्हता, मानेच्या वळीत पिवळा थर राहून गेला होता. त्या पुढे झाल्या, दोन बोटांनी तो थर खरवडला, पिशवीतली स्टीलची वाटी काढून तीत स्वच्छ पाणी ओतले, दुसऱ्या मडक्यातली एक भरलेली जळू उचलून तीत सोडली, आणि बोटे तिच्या तोंडाशी पाण्यात झटकली.

जळू आखडली, लांबली, पुन्हा आखडली. मग तिच्या तोंडातून तांबड्या धाग्यासारखे रक्त निघाले, धाग्याची दोरी झाली, आणि सगळी वाटी लाल होऊन गेली.

ताईंचा चेहरा आधी उतरला, मग कठोर झाला. "रोज," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी हेच करते मी. या हातानं. अन् तुमच्या लेखाखाली सही केली, ती याच हातानं." त्या रंगरावांकडे वळल्या. "उद्याचं शिबिर नाही. सभामंडपात मी स्वतः सांगीन. अन् त्या लेखावरचं माझं नाव मी काढून घेते. आज संध्याकाळीच कळवते लेख छापणाऱ्यांना."

"ताई, तुम्ही या पोराच्या नादी लागून..."

"या पोरानं मला हळदीचा शब्दही सांगितला नाही. मी पाहिलं."

"माझी सही याला मिळणार नाही!" रंगराव गरजले. बैल बिचकला, त्याच्या शिंगांचे गोंडे थरथरले. "नाही म्हणजे नाही. पाहातोच कसा डॉक्टर होते तो!"

प्रसेनजितने पिशवीतून प्रकरण काढले. त्यावरचे पिवळे ठसे वाळून पक्के झाले होते. 'कारण अज्ञात' हे शब्द त्याने रंगरावांच्या देखत, रंगरावांनीच आणायला सांगितलेल्या पेनाने खोडले. त्या जागी त्याने काय लिहिले ते त्याने कोणाला वाचून दाखवले नाही. खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद जयमालाताईंच्या हातात दिला.

"सही नको, सर," तो म्हणाला. "मला उत्तर हवे होते, आणि ते काल तुमच्याच पिवळ्या अंगठ्याने त्या पानावर उमटवले. तुम्ही मला पोळा शिकवायला निघाला होता."

जयमालाताईंनी कागद उभ्या उभ्या वाचला. "मार्गदर्शक बदलता येतो," त्या म्हणाल्या. "समितीपुढं हे मी ठेवीन, अन् मी का ठेवते आहे तेही सांगीन."

गावातून ढोलाचा आवाज येऊ लागला होता. तोरण बांधून झाले असावे. मानाच्या जोडीवाचून मिरवणूक निघणार नव्हती, म्हणून कोणी तरी बांधावरून हाका मारीत होते. रंगराव जागचे हलले नाहीत. ते त्या लाल वाटीकडे पाहत होते.

"मग ते काय होतं?" ते अखेर म्हणाले, विचारले कोणाला, ते कळले नाही. "वर्सभर मी साऱ्या जिल्ह्याले जे सांगून राह्यलो, ते काय होतं?"

जयमालाताईंनी वाटी पायरीवर उपडी केली.

"उपवास नव्हता, रंगरावभाऊ," त्या म्हणाल्या. "ओकारी होती."